धन्वंतरीची फी

धनत्रयोदशीला आपल्याकडे दोन पूजा होतात. गृहस्थ आणि व्यापारी धनाची पूजा करतात, वैद्य मंडळी धन्वंतरीची. लहानपणी मला वाटे, दोन्ही शब्दांत 'धन' आहे म्हणून दोघांना मिळून एकच दिवस दिला असावा. पुढे संसार मांडला, घरातली आणि शेजारपाजारची आजारपणे पाहिली, आणि मग वाटू लागले की, ह्या दोघांना एकाच तिथीवर बसवणारा पूर्वज मोठा अनुभवी असला पाहिजे. एक दारातून आत आला की दुसरे दाराबाहेर पडते, हे त्याने पुरते ओळखले होते!

आमच्या गावाकडे शेताच्या प्रत्येक तुकड्याला जसे नाव असते, तसा इतिहासही असतो. विहिरीजवळचा तुकडा आजोबांच्या विषमज्वरात गेला. चिंचेखालचे वावर थोरल्या काकूच्या बाळंतपणात गेले; काकूही गेली आणि वावरही गेले. आजीच्या पाटल्या कोणाच्या पोटदुखीत सावकाराकडे गेल्या, ते आजी अखेरपर्यंत सांगत असे. पण पोटदुखी ज्याची, त्याच्यासमोर कधीच नाही. आजारी माणसाला निम्मा ताप रोगाचा असतो आणि निम्मा आपल्यामुळे घर बुडते आहे ह्या जाणिवेचा. ह्या दुसऱ्या तापावर कोणत्याच वैद्याकडे मात्रा नाही. कित्येक म्हातारी माणसे 'मला काही होत नाही' असे म्हणत दुखणे अंगावर काढतात, ती ह्या दुसऱ्या तापापायी.

मग प्रश्न असा उभा राहतो की, औषधाचे मोल आजाऱ्यानेच द्यावे, की धडधाकट आणि आजारी अशा सर्वांनी मिळून ते आधीच भरून ठेवावे? ह्यावर वाद पुष्कळ झाले आहेत, अजून होतात. परंतु वादापेक्षा वृत्तांत बरा. एका देशाने १९४८ साली एका ठराविक दिवशी हा प्रयोग सबंध राष्ट्रावर केला. त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली. त्याचे गुणही दिसले, दोषही दिसले. तो देश इंग्लंड. त्याच्या ह्या कथेचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येऊन पोचतो, म्हणून ती इथे सांगावीशी वाटली.

*

ह्या कथेत दोन माणसे अशी आहेत की, ब्रह्मदेवाने त्यांच्या जन्मस्थळांची अदलाबदल केली असावी असे वाटते. विल्यम बेव्हरिज ह्यांचा जन्म १८७९ साली बंगालमधील रंगपूरचा. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील सनदी नोकरीत न्यायाधीश होते. आईने पुढे बाबराचे आत्मचरित्र इंग्रजीत आणले. दुसरे सर जोसेफ भोर. जन्म १८७८ सालचा, आपल्या नाशिकचा. पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात आणि डेक्कन कॉलेजात शिकून ते विलायतेला गेले, आय.सी.एस. झाले, कोचीन संस्थानचे दिवाण झाले आणि पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले.

रंगपूरला जन्मलेल्या माणसाने इंग्लंडच्या दैन्याचा अहवाल लिहिला, तो १९४२ साली. नाशिकला जन्मलेल्या माणसाने हिंदुस्थानच्या आरोग्याचा अहवाल लिहिला, तो १९४६ साली. पहिला अहवाल सहा वर्षांच्या आत कायद्यात उतरला. दुसऱ्याचे काय झाले, ते ओघाने येईलच.

*

विलायत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सुबत्ता उभी राहते. पण ह्या शतकाच्या मागच्या शतकात तिथला गरीबही आपल्यासारखाच औषधाला महाग होता. १९११ साली लॉइड जॉर्ज ह्यांनी मजुरांसाठी विम्याचा कायदा केला. मजुराने आठवड्याला चार पेन्स भरायचे, मालकाने तीन, सरकारने दोन. 'चारात नऊ घ्या' अशी त्याची जाहिरात होती. सौदा वाईट नव्हता. पण त्यात डॉक्टर मिळे तो फक्त मजुराला. त्याच्या बायकोला नाही, मुलांना नाही. इस्पितळाचा खर्चही त्यात बसत नसे. म्हणजे कमावत्या माणसाची दुरुस्ती व्हायची, आणि त्याला भाकरी करून घालणारीने दुखणे पदराखाली झाकायचे. हे चित्र आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

इस्पितळे होती, पण ती बहुतेक दोन तऱ्हेची. एक धर्मादाय, दात्यांच्या देणग्यांवर चालणारी. तिथे दारातच कोणी तरी बसून घरात किती येते, किती जाते ह्याची चौकशी करी. दुसरी, अनाथ-कंगालांच्या आश्रयगृहांतून वाढलेली. १८३४ च्या गरिबांच्या कायद्याने ही आश्रयगृहे मुद्दामच अशी कठोर केली होती की, माणूस अगदी नाइलाज झाल्याशिवाय आत येऊ नये. तिथल्या खाटेवर मरण आले तर त्याची लाज घराण्याला पुढच्या पिढीतही वाटे.

पण ह्याच काळात वेल्समध्ये ट्रेडिगार नावाच्या कोळशाच्या आणि लोखंडाच्या गावी मजुरांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. १८९० च्या सुमारास त्यांनी एक औषधोपचार मंडळी काढली. पगाराच्या दर पौंडामागे साधारण तीन पेन्स तिथे जमा व्हायचे. त्या पैशांतून डॉक्टर, परिचारिका, दाताचे वैद्य नेमलेले असत, आणि गावात इस्पितळही होते. पुढे पुढे गावातली बहुतेक सारी घरे तिच्यात आली. ह्यात बायको-मुले वगळलेली नव्हती, हे महत्त्वाचे.

१९२१ मध्ये ह्या गावी एक तरुण डॉक्टर नोकरीस आला, ए. जे. क्रोनिन. तीनएक वर्षांनी तो गेला. पुढे डॉक्टरकी सोडून कादंबरीकार झाला. १९३७ साली 'द सिटाडेल' ही त्याची कादंबरी आली आणि तिने इंग्लंडात खळबळ उडवली. आपल्याकडे विजय आनंद ह्यांनी १९७१ मध्ये 'तेरे मेरे सपने' हा चित्रपट काढला, तो ह्याच कादंबरीवरून. आम्हां कादंबरी लिहिणाऱ्यांना क्रोनिनचा हेवा वाटावा असे एक काम त्याने केले: त्याने कोणाचीच बाजू सोपी ठेवली नाही. लंडनच्या बड्या डॉक्टरांची हाव तर त्यात आहेच. पण मंडळीच्या कमिटीतले हेवेदावे आहेत, आणि काम टाळण्यासाठी खोटा दाखला मागणारे मजूरही आहेत. दाखला नाकारला की डॉक्टर वाईट! पैसा सगळ्यांचा झाला म्हणून माणसाचा स्वभाव लगेच बदलत नाही, हे त्या कादंबरीतून पुरते दिसते.

ह्याच ट्रेडिगारात १८९७ साली एका खाण-कामगाराच्या घरी अन्यूरिन बेव्हन हा मुलगा जन्मला. तेराव्या वर्षी तो खाणीत उतरला. बोलताना अडखळायचा, ग्रंथालयात वाचून वाचून आणि सभेत बोलून बोलून त्याने जीभ सोडवली. १९२५ साली बाप कोळशाच्या धुळीने छाती भरून मेला. पुढे बेव्हन गावच्या इस्पितळाच्या कमिटीवर बसला, आणि १९२९ मध्ये पार्लमेंटात गेला. ट्रेडिगारची ती तीन पेन्सांची मंडळी त्याच्या डोक्यातून कधी गेली नाही.

*

१९४२ चा डिसेंबर. महायुद्ध ऐन रंगात होते. बाँबवर्षावाने लंडन पोळलेले, साखर-लोणी शिधापत्रिकेवर. अशा दिवसांत १ डिसेंबरला बेव्हरिज ह्यांचा सरकारी अहवाल बाहेर पडला, आणि तो विकत घ्यायला सरकारी पुस्तकांच्या दुकानापुढे लोकांनी रांग लावली! सरकारी अहवालासाठी रांग ही गोष्ट आपल्याला गंधर्वनगरीतली वाटेल. पण मूळ आणि संक्षिप्त मिळून त्याच्या सहा लाखांवर प्रती खपल्या. बेव्हरिज ह्यांनी म्हटले होते की, राष्ट्राच्या वाटेत पाच राक्षस उभे आहेत: दारिद्र्य, रोग, अज्ञान, बकाली आणि बेकारी. एकाला मारून भागणार नाही. पाचांवर एकदम चालून जावे लागेल.

त्यातून जे निघाले त्यातले एक कलम आमच्या घरातील वाचक भगिनींना आवडेल. दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग सरकारने द्यावेत असे ठरले. ते कोणाच्या हाती? एलिनॉर रॅथबोन नावाच्या बाई ह्या प्रश्नावर कितीतरी वर्षे झुंजत होत्या. पैसे बापाच्या हाती नव्हे, आईच्या हाती पडले पाहिजेत, ह्यावर त्या अडून बसल्या, आणि १९४५ च्या कायद्यात तसे करवून घेतले. १९४६ च्या ऑगस्टात पहिले पैसे वाटले गेले. बाई मात्र त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या.

१९४५ च्या निवडणुकीत युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले, मजूर पक्ष निवडून आला, आणि पंतप्रधान ॲटली ह्यांनी बेव्हनला आरोग्यमंत्री केले. खाणीतला पोरगा आता सबंध राष्ट्राचे ट्रेडिगार करायला निघाला. इंग्लंड आणि वेल्समधली अडीच हजारांवर इस्पितळे सरकारने एकदम ताब्यात घेतली. उपचार सर्वांना, गरजेप्रमाणे आणि मोफत. पैसा करांतून.

विरोध कोणाचा झाला? डॉक्टरांचा! १९४८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या संघटनेने मते घेतली, तेव्हा दहांतले जवळ जवळ नऊ विरुद्ध पडले. आम्ही सरकारचे पगारी कारकून होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते सगळेच खोटे नव्हते. रोगी आणि वैद्य ह्यांच्यामध्ये कचेरीची फाईल येऊन बसली तर काय होईल, ही भीती वाजवी होती. बेव्हनने तडजोड केली. मोठ्या तज्ज्ञांना सरकारी इस्पितळातच खासगी खाटा ठेवण्याची मुभा दिली. गल्लीतल्या डॉक्टरला पगारी नोकर न करता त्याच्याकडे नाव नोंदवलेल्या माणसांच्या संख्येवर मोबदला ठरवला. तज्ज्ञांची तोंडे आपण सोन्याने भरली, असे तो पुढे म्हणाल्याचे सांगतात. तोंडे भरली, आणि ५ जुलै १९४८ ला योजना सुरू झाली.

*

त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या एका इस्पितळात बेव्हन स्वतः गेला आणि यकृताच्या विकाराने आजारी असलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीच्या खाटेशी उभा राहिला. वेल्समध्ये एक बाई मध्यरात्रीच्या सुमारास बाळंत होत होती. सुइणी म्हणाल्या, जरा दम धर, बारा वाजू दे. बारा वाजून एक मिनिटाने मुलगी झाली. फी पडली नाही. तिचे नाव मंत्र्याच्या नावावरून ठेवले.

आणि मग जी गर्दी लोटली, ती पाहून सरकारही चपापले. पहिल्या वर्षी पन्नास लाखांहून अधिक चष्मे गेले. ऐंशी लाखांवर माणसे दातांच्या वैद्याकडे गेली. कवळ्यांच्या मागणीला तर अंतच नव्हता. टीकाकार म्हणाले, फुकट ते पौष्टिक! पण जरा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, कवळी ही काही हौसेने घालायची वस्तू नव्हे. कोणी गंमत म्हणून दात काढून घेत नाही. पन्नास लाख माणसे इतकी वर्षे दुकानातल्या टोपलीतले मिळेल ते भिंग नाकावर ठेवून वा अंदाजाने जग पाहत होती, असाच त्याचा अर्थ. डॉक्टरांनी आठवणी सांगितल्या आहेत, की गर्भाशय बाहेर आलेल्या, गळवे-गाठी वर्षानुवर्षे सोसलेल्या बायका त्या दिवसांत दवाखान्यात येऊ लागल्या. ही दुखणी १९४८ साली झालेली नव्हती. १९४८ साली ती फक्त उघडी झाली.

सरकारी उपचाराचा सर्वांत मोठा गुण मला इथे दिसतो. त्याने रोग किती बरे झाले ह्याचा हिशेब डॉक्टरांनी करावा. पण त्याने भीती घालवली. आजारी पडणे हा घरच्यांविरुद्ध केलेला अपराध उरला नाही. तो दुसरा ताप उतरला.

*

पण हकीगत इथेच संपवली तर ती भाटगिरी होईल. औषध मोफत झाले म्हणजे त्याचे मोल नाहीसे झाले असे नव्हे. देणारा बदलला, देण्याची वेळ बदलली, देण्याचे नाणे बदलले. ह्या बदलाचे चटके लगेच जाणवू लागले.

पहिला चटका तिजोरीला. खर्चाचे अंदाज पहिल्याच वर्षी कोसळले. १९५१ च्या एप्रिलात कोरियाच्या युद्धासाठी शस्त्रे हवीत म्हणून अर्थमंत्री गेट्स्केल ह्यांनी कवळ्या आणि चष्मे ह्यांची निम्मी किंमत लोकांकडून घ्यायचे ठरवले. ज्याने योजना उभी केली तो बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडला. त्याच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सन हा तरुण मंत्रीही बाहेर पडला. पुढल्या वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग बसवला. मौज पुढे आहे. तोच विल्सन पंतप्रधान झाल्यावर त्याने १९६५ मध्ये चिठ्ठीवरचा आकार रद्द केला, आणि १९६८ मध्ये तिजोरी आटली तेव्हा त्यानेच तो पुन्हा बसवला! विरोधी बाकावर बसून तत्त्व सांभाळणे सोपे असते. त्या राज्यातल्या वेल्सने हा आकार २००७ मध्ये काढला, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये, स्कॉटलंडने २०११ मध्ये. इंग्लंडात तो अजून आहे.

मात्र उधळपट्टीचा आरोप तपासायला हुजूर पक्षानेच एक समिती नेमली होती. गिल्बो हे तिचे अध्यक्ष. १९५६ मध्ये तिने सांगितले की, उधळपट्टी दिसत नाही. उलट राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने खर्च १९४९-५० च्या पावणेचार टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर उतरला आहे. आकडा फुगलेला दिसत होता तो भाववाढीमुळे. म्हणजे तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे कितपत खरे, हे तपासल्याशिवाय मान डोलवू नये.

दुसरा चटका रांगेचा. जिथे पैशाने निवड होत नाही तिथे ती वेळेने होते. योजना सुरू झाली तेव्हा इस्पितळाच्या खाटेची वाट पाहणारे सुमारे पाच लाख होते. २०२३ च्या सप्टेंबरात एकट्या इंग्लंडात ठरलेल्या उपचारांसाठी ताटकळणाऱ्या नोंदी ७७ लाखांच्या वर गेल्या. एकच माणूस दोन रांगांत असू शकतो हे धरले, मधल्या काळात महासाथ येऊन गेली हेही धरले, तरी आकडा छाती दडपवणारा आहे. गुडघा दुखत असलेल्या म्हातारीला 'तुमच्याकडून पैसे घेणार नाही, फक्त वर्षभर थांबा' असे सांगणे, ह्यालाही फीच म्हणायचे. ती दुखण्याच्या नाण्यात द्यावी लागते, इतकेच. आणि ज्याच्यापाशी पैसा आहे तो ह्या रांगेतून हळूच बाहेर पडून खासगी दार ठोठावतो, हेही होतेच.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म. पैसे देणारा आजारी माणूस नसला की यंत्रणेचे तोंड आजाऱ्याकडून वळून पैसे देणाऱ्याकडे, म्हणजे सरकारकडे होते. स्टॅफर्ड येथील इस्पितळात २००५ ते २००९ च्या दरम्यान जे घडले त्याची चौकशी होऊन २०१३ मध्ये अहवाल आला. वरिष्ठांचे लक्ष ठरवून दिलेले आकडे आणि जमाखर्च गाठण्यावर होते, आणि खाली रोग्यांना पाणी पाजायला, अंथरूण बदलायला माणूस नव्हता. कागद निरोगी, माणूस आजारी! धर्मादाय इस्पितळाचा अपमान गेला, पण त्याच्या जागी बेपर्वाई येऊ शकते. ती आली तर रोग्याने कोणत्या दारी जावे?

चौथी गोष्ट वेल्समधल्याच ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या डॉक्टरने १९७१ मध्ये मांडली. जिथे उपचाराची गरज जास्त तिथेच चांगला उपचार कमी मिळतो, असे त्याचे सूत्र होते. आणि बाजाराचे वारे जितके मोकाट, तितका हा उलटा न्याय अधिक चालतो. योजना सर्वांची असली तरी हुशार डॉक्टरला लंडनच हवे असते. कोळशाच्या दरीत जायला तो नाखूश असतो.

*

मग कोळशाच्या दरीत गेले कोण? इथे आपला धागा येतो.

पन्नास-साठच्या दशकांत इंग्लंडात डॉक्टरांची चणचण पडली, आणि ती भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी भरून काढली. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे वळण इंग्रजीच होते, त्यामुळे अडचण पडली नाही. त्यांत मुंबई-पुण्याहून गेलेले मराठी डॉक्टरही होते. गोऱ्या डॉक्टरांना नको असलेल्या जागा त्यांच्या वाट्याला आल्या: वृद्धांचे कक्ष, मनोरुग्णालये, कारखान्यांच्या वस्त्या, वेल्सच्या खाणींच्या दऱ्या. बेव्हनच्या गावाच्या आसपासच्या लोकांची छाती तपासायला हिंदुस्थानातून शिकून आलेले डॉक्टर बसले. त्यांनी नेकीने काम केले आणि लोकांचे प्रेमही मिळवले. पण हिशेब करायला बसावे तर असा निघतो की, त्या डॉक्टरांच्या शिक्षणाचा खर्च पुष्कळसा भारताच्या तिजोरीने सोसला होता. इंग्लंडच्या मोफत औषधाच्या मोलातला एक वाटा आपल्या शेतकऱ्याने नकळत भरला होता.

आणि त्या वेळी नाशिकच्या भोरांचा अहवाल कुठे होता?

ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारने भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९४६ मध्ये तिने जे लिहिले ते वाचताना आजही मान खाली जाते. हजार मुले जन्मली तर त्यातली १६२ वर्षाच्या आत दगावत. इंग्लंडात तोच आकडा ५८ होता. जन्मलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य २७ वर्षांच्याही आत. परंतु समिती नुसती रडत बसली नाही. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे तिने पायाचे तत्त्व धरले. प्रथम चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढे दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय, अशी चढती योजना तिने आखली. उपचार आणि रोगप्रतिबंध एकाच हाताने व्हावेत, असे म्हटले. बेव्हरिज ह्यांच्या अहवालापेक्षा हे स्वप्न कोणत्याही अंगाने लहान नव्हते.

स्वातंत्र्य आले. १९४८ मध्येच कामगारांच्या राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर-दिल्लीपासून तो अमलात आला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. म्हणजे अहवाल अगदीच वाया गेला असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. देवी गेली, पोलिओ गेला. गावोगाव लस घेऊन फिरणाऱ्या त्या केंद्रांतल्या परिचारिकांचे हे देणे आहे. परंतु भोरांच्या ७५ खाटा झाल्या नाहीत. केंद्र झाले; डॉक्टर शहरात किंवा विलायतेत राहिला. आणि आजाऱ्याच्या घरची जमीन जातच राहिली. २०१३-१४ च्या सरकारी हिशेबात देशातल्या आरोग्यखर्चाच्या शंभर रुपयांतले चौसष्ट लोकांनी आजाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून दिले होते. २०२१-२२ च्या हिशेबात हा आकडा एकोणचाळीसवर आला आहे. उतार चांगला आहे. पण जे एकोणचाळीस राहिले त्यांत कोणाचे तरी चिंचेखालचे वावर आहेच.

*

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. त्यानंतर एकदा आईच्या डोळ्यांसाठी मी एका सरकारी रुग्णालयात गेलो. सकाळी केसपेपर काढला, दुपारपर्यंत रांगेत बसलो. डॉक्टरांनी नीट तपासले, चिठ्ठी लिहिली. औषधाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, 'हे बाहेरून आणा.' रागाने मी काही बोलणार तोच मागच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझा हात धरला. डोक्याला मळकट पटका, डोळ्यावर पट्टी. म्हणाला, 'गुरुजी, बोला, पण दार बंद पडंल असं नका बोलू. माझ्या दोन्ही डोळ्यांचं इथंच झालं. रानाचा एक गुंठा नाही गेला.'

मी त्या दिवशी काही बोललो नाही. पण ते वाक्य मनात घोळत राहिले. मला वाटते, ह्या सबंध प्रश्नाचे उत्तर त्या म्हाताऱ्याच्या दोन वाक्यांत आहे. रांग आहे, बेपर्वाई आहे, बाहेरून आणा आहे. ह्यावर बोललेच पाहिजे, मोठ्याने बोलले पाहिजे. कारण मोफत दारात उभ्या असलेल्या माणसापाशी पैसा नसतो, म्हणून आवाज तरी असावा लागतो. स्टॅफर्डची बेपर्वाई उघडकीस आली तीही मृतांच्या नातेवाइकांनी आवाज उठवला म्हणून. पण दोषांची यादी हातात घेऊन 'दारच नको' म्हणणारा माणूस बहुधा असा असतो की, ज्याला त्या दाराशी कधी जावे लागलेले नाही. रांगेचे दुःख आणि वावर जाण्याचे दुःख ही दोन्ही दुःखेच. परंतु रांग कमी करता येते. खाटा वाढवल्या, डॉक्टर गावी टिकवला, पैसा दरवर्षी न चुकता घातला, तर ती कमी होते. गेलेले वावर परत येत नाही. काकू तर नाहीच नाही.

समुद्रमंथनातून धन्वंतरी अमृताचा कलश घेऊन वर आला, ती गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिच्यातला एक बारकावा मात्र सांगायचा राहून जातो. कलश वर आला आणि लगेच भांडण जुंपले. अमृत खरे की खोटे ह्यावर ते भांडण नव्हतेच. ते वाढायचे कोणी आणि कोणाच्या पंक्तीला, ह्यावर होते. धन्वंतरीने कलश आणून दिला; वाढण्याचे काम त्याने आपल्यावर सोडले. रंगपूरच्या माणसाने आणि नाशिकच्या माणसाने आपापल्या परीने पंक्तीची पाने मांडून दाखवली. एका ठिकाणी पंगत बसली आणि वाढप्यांची ओढाताण अजून चालू आहे. दुसऱ्या ठिकाणी पुष्कळ पाने अजून रिकामी आहेत.

ह्या धनत्रयोदशीला धन्वंतरीपुढे धने-गूळ ठेवताना, आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही, एवढे एकदा जाऊन पाहून यावे. नसेल तर चार जणांनी मिळून विचारावे. तीही पूजाच झाली.